मिठाचा वाडगा

मामा पोरीला आणायला गेला आणि जाताना फळी टाकायला विसरला. दुसऱ्या कुठल्या धंद्यात एवढी चूक कुणाच्या लक्षातही आली नसती. मिठागरात मात्र फळी म्हणजे घराची कडी. खाडीच्या तोंडाशी दोन दगडी खांबांमध्ये बसवलेली ती जाड लाकडी फळी वर उचलली की भरतीचं पाणी आत येतं. साठवणीचं तळं भरलं की ती खाली सोडायची आणि वर उभं राहून पायाने घट्ट बसवायची. त्या आठवड्यात पाळी मामाची होती. त्याने सकाळी फळी उचलली आणि तेवढ्यात फाट्यावरच्या दुकानदाराचा निरोप आला, की बसमधून एक माणूस लहान मुलीला घेऊन उतरलाय आणि परतीच्या बसची घाई करतोय. मामा चिखलाच्या पायांनी तसाच धावला. मामी पलीकडच्या टोकाला दंताळ्याने मीठ ओढत होती. तिला वाटलं, टाकून गेला असेल.

पोरीला खांद्यावर घेऊन मामा बांधावर चढला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मुकादमाच्या वाफ्यांत आभाळ दिसत होतं. सकाळी तिथे कडेकडेने मिठाच्या राशी लागल्या होत्या. त्या आज-उद्या वाहून न्यायच्या होत्या. आता बांधापासून बांधापर्यंत नुसतं पाणी होतं. मुकादमाचे वाफे फळीला लागून आणि सगळ्यांत सखल, त्यामुळे जे काही आलं ते त्याच्याकडेच आलं. बाकीच्यांची बोटंसुद्धा भिजली नव्हती.

मुकादम आता कसला मुकादम नव्हता. कधीकाळी सगळ्या मिठागरावर देखरेख करायचा. पुढे ते काम गेलं आणि नाव तेवढं राहिलं. बायको गेल्यापासून एकटाच असे. बाकीचे लोक मीठ पिकलं की ओढून मोकळे होत. हा मात्र दाणा जाड व्हावा म्हणून थांबायचा, आणि त्याच्या मिठाचं नाव होतं ते त्या थांबण्यामुळेच. आत्ता तो गुडघाभर पाण्यात उभा राहून दंताळ्याने तळ चाचपत होता, जणू राशी खाली कुठे तरी बसलेल्या असतील.

मामा काहीतरी बोलायला गेला. मुकादमाने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरच्या पोरीकडे.

"फळी," तो म्हणाला.

एवढंच बोलून तो स्वतः गेला आणि फळी टाकून आला. त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर मामाला बरं वाटलं असतं. तो तिथेच उभा राहिला आणि खांद्यावरची पोर त्याचे केस धरून पाण्याकडे बघत राहिली.

पोर त्याच्या धाकट्या बहिणीची. बहीण थंडीत तापाने गेली. तिच्या नवऱ्याने मुलीला आधी आपल्या आईकडे ठेवलं, मग स्वतःच्या बहिणीकडे, मग कुणा शेजारणीकडे, आणि कुणीच उरलं नाही तेव्हा त्याला मामा आठवला. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं. लोक आधी विचारायचे, नंतर विचारायचे बंद झाले, आणि मामीला ते बंद होणंच जास्त लागलं होतं. चार-पाच वर्षांची पोर अशी आयती दारात आली, तर मामीला आनंदाने नाचावंसं वाटत होतं. पण नाचणार कशी? शेजाऱ्याचा अख्खा हंगाम त्याच दिवशी पाण्यात गेला होता.

पोरीबरोबर एक गाठोडं होतं. ते ती सोडू देईना. जेवताना मांडीवर, झोपताना उशाला, आणि चपला गाठोड्याच्या खाली दडवलेल्या. मामाने पहिल्याच दिवशी तिचं नाव गाठोडी ठेवलं. ती हसली नाही, पण ओ द्यायला लागली. फारसं बोलत नसे. दिवा लावायची वेळ झाली की मात्र एक प्रश्न ठरलेला.

"उद्या कुठे जायचंय?"

पहिल्या दिवशी मामी म्हणाली, कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी पोरीने तेच विचारलं, तिसऱ्या दिवशी तेच. मामीच्या लक्षात आलं की 'कुठेच नाही' हे उत्तर पोरीने याआधीही ऐकलेलं आहे, आणि ते सांगणाऱ्या माणसांनीच तिला पुढच्या बसमध्ये बसवलेलं आहे. तेव्हा मामीने तिला जवळ घेतलं आणि सांगून टाकलं की या रविवारी चर्चमध्ये तुझा बाप्तिस्मा करायचा, तिथे सगळे जण मिळून तू आमची म्हणतील, आणि एकदा सगळ्यांनी म्हटलं की मग तुला कुणी कुठे नेऊ शकत नाही.

"सगळे?" पोरीने विचारलं.

"सगळे," मामी म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला मुकादमाचे बुडालेले वाफे आठवले.

कारण त्यांच्या चर्चची एक रीत होती. मिठागराच्या कडेला पत्र्याच्या छपराचं, खाऱ्या वाऱ्याने भिंतींचे पोपडे उडालेलं चर्च, आणि माणसं तीन-चार बाकांवर मावतील एवढीच. बाप्तिस्म्याच्या वेळी तिथे एक लाकडी वाडगा फिरायचा. प्रत्येक घराने त्यात चिमूटभर मीठ टाकायचं, तेही आपल्याच वाफ्यातलं आणि याच हंगामातलं. मग फादर त्यातला एक कण मुलाच्या जिभेवर ठेवत. ज्या घराने मीठ टाकलं त्या घराचं ते मूल झालं. वाडगा पुरा फिरला पाहिजे. एक जरी घर राहिलं तर मूल थांबतं. पूर्वी एकदा कुणाच्या तरी कुंपणाच्या भांडणात एक मूल थांबलं होतं, ते मिशा फुटेपर्यंत, असं सांगत. त्यातलं खरं किती आणि मीठमसाला किती कोण जाणे, पण रीत मात्र पक्की होती.

शिवाय हा हंगामाचा शेवटचा रविवार होता. आभाळ भरायला लागलं होतं. पाऊस सुरू झाला की मिठागर बंद आणि जो तो पोटापाण्यासाठी जिकडे काम मिळेल तिकडे जाणार. आता राहिलं ते पुढच्या हंगामावर गेलं. तोवर पोर रोज दिवेलागणीला तेच विचारणार.

चर्चची घंटा वाजवणारी आजी भेटायला आली, ती हातात कापडाची पुडी घेऊन. दुकानदाराकडून तिला कळलं होतं की मामाकडे मूल आलंय. चर्चमध्ये सगळ्यांत तरुण माणूस म्हणजे मामाच, त्यालाही कानाशी पांढरं दिसायला लागलेलं. मूल म्हटल्यावर म्हाताऱ्यांना एकच प्रकारचं मूल आठवलं. आजीने डोळे फोडून पांढरा अंगरखा शिवला होता, झालर लावून. दुसऱ्या एकीने लोकरीचे मोजे विणले होते, अंगठ्याएवढे. तिसरीने पाळणा माळ्यावरून काढून धुवायला घेतला होता.

पोर चुलीपाशी बसून भाकरी खात होती. आजीने घरभर नजर फिरवली आणि मूल कुठे आहे म्हणून विचारलं. मामीने पोरीकडे बोट दाखवलं.

"हे?" आजी म्हणाली. "हिला तर दात आहेत."

मामी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. आजीने अंगरखा पोरीच्या अंगाला लावून पाहिला, तो बेंबीपर्यंतसुद्धा येईना. मग दोघी हसून हसून बेजार झाल्या. पोर मात्र घास तोंडात तसाच ठेवून दोघींकडे बघत होती. आपण मोठ्या आहोत म्हणून आता परत पाठवतात की काय, अशी ती नजर होती. मामीने ते ओळखलं आणि तिचं हसू मावळलं.

जाताना आजीने दारात थांबून विचारलं, मुकादमाचं काय. आजीच म्हणाली, की एकदा बोलून तर बघ, माणूस कडू आहे पण खोटा नाही.

दुसऱ्या दिवशी मामी मुकादमाकडे गेली. तो दारात बसून दंताळ्याचा तुटका दात बदलत होता. त्याने बस म्हटलं नाही. मामीने उभ्यानेच मामाची चूक कबूल केली, नुकसान भरून देता येणार नाही हेही सांगितलं, आणि शेवटी रविवारचं बोलली.

मुकादम दात ठोकत राहिला. ठोकून झाल्यावर हाताने हलवून पाहिला.

"माझ्याकडे मीठ नाही," तो म्हणाला. "वाडग्यात काय टाकू?"

मामीने पदराखाली धरलेली पुडी पुढे केली. आमच्यातलं घ्या, चिमूटभर तर लागतं, कुणाला कळणार आहे, असं ती बोलून गेली, आणि बोलता क्षणी तिला जीभ चावावीशी वाटली.

"मला कळेल," मुकादम म्हणाला. "लोकाचं मीठ माझं म्हणून टाकू? आणि ते पोरीच्या जिभेवर ठेवायचं?"

तो दंताळं घेऊन आत गेला. दार त्याने आपटलं नाही, नेहमीसारखं लोटून घेतलं. मामी पुडी तशीच घेऊन परत आली, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला आपण कुठून येतोय ते तोंडावर दिसत असणार म्हणून मान खाली घालून चालली.

घरी मामा ऐकत राहिला. मग म्हणाला, की मीठ नाही हीच अडचण असेल तर मीठ पिकवू. मामी म्हणाली, डोकं फिरलंय का, एवढ्या थोड्या दिवसांत? मामाने फावडं उचललं.

ओहोटी लागल्यावर दोघांनी मुकादमाच्या वाफ्यांपैकी एकाचा बांध कापला आणि पाणी काढून दिलं. त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता. खाली तळ लोण्यासारखा झाला होता. पाय टाकला की पोटरीपर्यंत जाई आणि काढताना चिखल ओढून धरी. मामा फावड्याने गाळ काढी, मामी घमेल्याने बांधावर टाकी. कंबर धरली, तळव्यांच्या भेगांत खारं पाणी जाऊन आग उठली. गाळ निघाल्यावर तळ चोपायचा. लाकडी चोपणं घेऊन वाकायचं आणि एका बांधापासून सुरुवात करून मागे मागे सरकत चोपत जायचं. एक थर झाला की ऊन खाऊ द्यायचं, मग पुन्हा. मामीचे हात रात्री मिटेनात.

मुकादम पहिल्या दिवशी आपल्या दारातून बघत राहिला. दुसऱ्या दिवशी बांधावर येऊन उभा राहिला. कोपऱ्यात फुगवटा आहे, एवढं एकदा म्हणाला. मामाने फुगवटा बसवला. मुकादम मदतीला उतरला नाही आणि त्यांना घालवलंही नाही. मामा त्यावरच खूश होता.

तळ आरशासारखा झाला त्या दुपारी मामा बांधावर टेकला आणि त्याने पाणी मागितलं. पोर तांब्या घेऊन निघाली. बांधावरून फेरा पडत होता, म्हणून तिने सरळ वाट धरली, ओल्या चोपलेल्या तळावरून, कोपऱ्यातून. पाणी सांडू नये म्हणून टाच रोवत, एकेक पाऊल जपून टाकत ती आली आणि तांब्या मामाच्या हातात दिला. मागे तिच्या पावलांची रांग उमटली होती.

मुकादम बांधावरून ओरडला. इतक्या दिवसांत त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. पोर जागच्या जागी गोठली. मामी धावत आली आणि चोपणं उचलून ते ठसे बुजवायला वाकली, तर मुकादमाने तिलाही थांबवलं.

"आता हात लावू नका. या वेळेला पुन्हा चोपला तर तळ फाटेल. राहू दे तसंच." मग पोरीकडे बघत, "खड्डे पाडलेस ना तळाला?"

पोरीने मान हलवली. तिने कुणाचा आधार शोधला नाही, ती रडलीही नाही. घरी आल्यावर गुपचूप गाठोड्याची गाठ तपासली आणि चपला पायात घालून दारात बसली. मामीने ते पाहिलं आणि तिला भडभडून आलं. तिने पोरीच्या पायातल्या चपला काढल्या नाहीत, नुसती तिच्याशेजारी जाऊन बसली.

संध्याकाळी मामाने आपल्या तळ्यातलं चांगलं आटलेलं, दाट पाणी मुकादमाच्या वाफ्यात सोडलं, अगदी पातळ, घोट्याच्याही खाली. आता ऊन हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी ढग आले आणि दिवसभर डोक्यावर बसून राहिले. शनिवारी वारा सुटला. ढग पांगले, ऊन पडलं, पण वाऱ्याने पाणी पलीकडच्या बांधाला लोटलं आणि तिथे ते नुसतं हलत राहिलं. हलत्या पाण्यात मीठ धरत नाही. मामा दिवस मावळताना बांधावर जाऊन आला. काही आहे का म्हणून मामीने विचारलं नाही, त्याची चाल बघून तिला कळलं.

रविवारी तिने पोरीला न्हाऊ घातलं, वेणी घातली. पोर म्हणाली, गाठोडं घेऊ का. मामी म्हणाली, घे. दुसरं काय म्हणणार होती?

चर्चमध्ये सगळे आधीच येऊन बसले होते. आजीने दारातच पोरीला धरलं आणि तो इवलासा अंगरखा तिच्या खांद्यांवर पाठीमागून टाकून बाह्यांची पुढे गाठ मारली. शिवलाय तर घालणारच, असं तिने जाहीर केलं. पोरीने वाकून ती गाठ पाहिली. गाठी तिला पसंत होत्या. मुकादमाची जागा रिकामी होती.

फादर सायकलवरून घामाघूम होऊन आले होते. त्यांच्या कानावर सगळं गेलेलं होतं. त्यांनी सांगून पाहिलं, की बाप्तिस्म्याला वाडगा लागतो असं कुठे लिहिलेलं नाही.

"लिहिलेलं नाही म्हणूनच आम्ही विसरत नाही," आजी म्हणाली आणि तिने वाडगा काढला.

वाडगा फिरायला लागला. कुणी पुडी सोडली, कुणी रुमालाची गाठ. चिमूट चिमूट मीठ पडत होतं. प्रत्येक चिमटीबरोबर टाकणारा पोरीकडे बघून मान डोलवी, आणि पोर प्रत्येकाकडे नीट बघून घेई. मामीने सांगितलेलं 'सगळे' ती मोजून घेत होती. मामाने आपलं मीठ टाकलं. शेवटी वाडगा रिकाम्या जागेपाशी आला आणि आजी तो हातात धरून थांबली. कुणी खोकलं. फादरांनी कपाळ पुसलं. मामीला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलावं, म्हणजे आपल्याला उठून पोरीला घेऊन जाता येईल.

तेवढ्यात दारात मुकादम उभा राहिला. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, धोतर खोचलेलं. चर्चमध्ये असा कधी कुणी आला नव्हता. तो तसाच आत चालत आला. फरशीवर त्याची ओली पावलं उमटली. उजव्या हाताची मूठ त्याने छातीशी धरली होती.

"उशीर झाला," तो आजीला म्हणाला. "खरवडून काढायला वेळ लागला."

त्याने मूठ वाडग्यावर उघडली. थोडंसंच मीठ होतं, मातीचा रंग लागलेलं, त्याच्या नेहमीच्या जाड दाण्यासारखं मुळीच नाही. मामा उठून उभा राहिला. त्याने काल संध्याकाळी सगळा वाफा बघितला होता.

"कुठे आलं?" त्याने विचारलं.

"कोपऱ्यात. वाऱ्याने पाणी पलीकडे नेलं, पण हिने पाडलेल्या खड्ड्यांत राहिलं तेवढं राहिलं. तिथे हललं नाही. उन्हाने दाटलं, रात्रीच्या वाऱ्याने सुकलं." मुकादम तळहाताला चिकटलेले कण दुसऱ्या बोटाने वाडग्यात पाडत होता, एकही वाया जाऊ देत नव्हता. "प्रत्येक पावलात थोडं थोडं आलंय. वाफा माझा आहे, तेव्हा मीठ माझंच."

मग आजीने नाक ओढलं आणि वाडगा फादरांच्या हातात दिला. मामीने तोंडात पदर कोंबला, पण रडू काही ऐकेना, आणि तिला ते थांबवायचंही नव्हतं. इतक्या दिवसांचं सगळं ओझं एकदम उतरलं होतं. शेजारी मामा पत्र्याच्या छपराकडे बघत डोळे पुसत होता.

फादरांनी पोरीच्या डोक्यावर पाणी घातलं, नाव घेतलं आणि वाडग्यातलं मीठ बोटाने एकत्र करून एक कण तिच्या जिभेवर ठेवला. पोरीने तोंड असं काही वेडंवाकडं केलं की मागच्या बाकावरच्या म्हातारीला हसू फुटलं आणि मग सगळं चर्चच हसलं. पोर थोडी वरमली. मग तिने जीभ बाहेर काढून आणखी एक कण मागितला.

बाहेर आल्यावर माणसं घोळक्याने उभी राहिली. लोकरीचे मोजे विणणारी ते मोजे पोरीच्या अंगठ्यांना अडकवून बघत होती. पाळणा धुणारी आता त्याचं काय करायचं म्हणून विचारत होती. मामा मुकादमापुढे जाऊन उभा राहिला. मुकादम म्हणाला, फळीची पाळी पुढच्या हंगामात मामाचीच पहिली, आणि त्या वेळी आपण शेजारी उभं राहून बघणार. मामाने मान हलवली.

पोर गाठोडं काखेत धरून दोघांच्या मध्ये आली. अजून दिवे लागायला खूप वेळ होता, पण तिला बहुधा राहवेना. तिने मामीकडे पाहिलं नाही, मामाकडेही नाही. मान वर करून मुकादमाला विचारलं.

"उद्या कुठे जायचंय?"

मुकादमाला या प्रश्नाची काहीच माहिती नव्हती. त्याला वाटलं, पोर कामाचंच विचारतेय.

"उद्या? माझ्या वाफ्यावर," तो म्हणाला. "खड्डे पाडून ठेवलेस, ते बुजवायला कोण येणार? परवाही यायचं. एका दिवसात होत नाही ते काम."

पोरीने थोडा विचार केला.

"तेरवा?"

"तेरवाही," मुकादम म्हणाला आणि खोचलेलं धोतर खाली सोडत घराकडे चालायला लागला.

त्या संध्याकाळी मामी दिवा लावायला उठली. पोर भिंतीला टेकून गाठोड्याची गाठ सोडत बसली होती. गाठ जुनी, घट्ट बसलेली, दातांनी ओढावी लागत होती. मामी दिवा घेऊन दाराशी गेली, तर उंबऱ्याच्या आत मामाच्या चिखलाने भरलेल्या वहाणा होत्या, तिच्या स्वतःच्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी दोन छोट्या चपला नीट लावून ठेवलेल्या होत्या.